कैसरबागेतील मराठी ठेवा

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी, पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने काय जतन केले, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. गणेशोत्सव, हळदीकुंकू, शिवजयंती, वर्षाकाठी एखादे नाटक, हा हिशेब कोणासही तोंडपाठ असेल. परंतु लखनौच्या मराठी माणसाचा वारसा एवढाच आहे काय, याचा शोध घेण्याचा आम्ही येथे अल्पसा प्रयत्न करीत आहोत.

या नगरीशी मराठी मनाचा संबंध जुना आहे. 1907 साली सुरतेस दुभंगलेली काँग्रेस 1916 च्या डिसेंबरात येथेच पुन्हा एकत्र आली. मंडालेहून सुटून दोनच वर्षे झालेले लोकमान्य टिळक त्या अधिवेशनास उपस्थित होते, आणि सुप्रसिद्ध लखनौ करारामागे त्यांचे वजन उभे होते.

तथापि लोकमान्य आले आणि गेले. येथे कायमचे काही उभे करून गेले ते पंडित विष्णु नारायण भातखंडे. 1860 साली गोकुळाष्टमीस मुंबईत वाळकेश्वरी जन्मलेल्या या गृहस्थांनी वकिलीवर पाणी सोडले आणि संगीताच्या शोधार्थ सारा हिंदुस्थान पालथा घातला. जयपूर, रामपूर आदी ठिकाणच्या उस्तादांकडून त्यांनी घराण्यांच्या चिजा मिळविल्या आणि स्वरलिपीत बांधून सर्वांना खुल्या केल्या. 1926 साली राय उमानाथ बली प्रभृतींच्या साह्याने त्यांनी येथे संगीत महाविद्यालय स्थापिले. त्यास प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव देण्यात आले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य या नात्याने ते दीर्घकाळ सांभाळले. 1966 साली शासनाने ते हाती घेतले, तेव्हा त्यास भातखंड्यांचे नाव मिळाले. आज त्याचे विश्वविद्यालय झाले आहे. वाजिद अली शाहच्या कैसरबागेतील परीखान्यात एका मराठी वकिलाच्या नावाने तानपुरे जुळतात, याहून मोठे स्मारक कोणते?

आता एक घरगुती प्रसंग. आमची कन्या गाणे शिकत असताना ‘क्रमिक पुस्तक मालिका’ तिच्या हाती होती. एके दिवशी तिने विचारले, “बाबा, भातखंडेजी मराठी असून इतकी चांगली हिंदी कशी लिहीत?” आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. हे ग्रंथ मूळ मराठीत लिहिले गेले आणि तिच्या हाती हाथरसचा हिंदी अनुवाद आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते; आम्हीही नाही. मूळ मराठी प्रत आणून दिली, तर एक पान वाचावयास तिला अर्धा तास लागला. दोष तिचा नव्हता. कचेरीतून परतल्यावर तिला मराठी लिहावयास-वाचावयास शिकविण्याचे आम्ही वर्षानुवर्षे उद्यावर ढकलले होते.

परदेशी गेलेल्या एका समाजाचे उदाहरण येथे बोधप्रद वाटते. 1825 साली ‘रेस्टोरेशन’ नावाच्या लहानशा गलबतातून सुमारे पन्नास नॉर्वेजियन माणसे स्टाव्हांगर बंदरातून निघून न्यूयॉर्कास पोहोचली. त्यांच्यामागून लक्षावधी गेले. नॉर्वेची राज्यघटना 17 मे 1814 रोजी संमत झाली. त्या दिवशी त्यांचे वंशज अमेरिकेत आजही मिरवणुका काढतात. आयोवातील डेकोरा गावी त्यांनी पूर्वजांच्या पेट्या, माग व भांडी संग्रहालयात जपली आहेत. पण त्याच गावचे ‘डेकोरा-पोस्टेन’ हे नॉर्वेजियन वृत्तपत्र, 1874 पासून चालत आलेले, 1972 साली बंद पडले. वाचणारेच उरले नव्हते. मिरवणूक राहिली, पोशाख राहिले. भाषा मात्र हळूहळू घरातून निघून गेली.

आम्हांला भय वाटते ते याचेच. नोकरीनिमित्त आलेली आमची पिढी सेवानिवृत्तीनंतर येथेच स्थिरावली. नातवंडे आरती सुरेख म्हणतात, परंतु ती रोमन अक्षरांत लिहिलेल्या कागदावरून! नागरी लिपी त्यांना शाळेतील हिंदीमुळे येते. मराठी वाचण्याची सवय तेवढी घरातून लागलेली नसते. म्हणजे अर्धी वाट लखनौनेच चालून दिली आहे. उरलेली अर्धी आपणांस चालावयाची आहे.

म्हणून एक नम्र सूचना. भातखंडे निवर्तले ते 19 सप्टेंबर 1936 रोजी. तो दिवस गणेश चतुर्थीचा होता. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिलेली आहे. दरवर्षी उत्सवाच्या एका सायंकाळी तिची दोन पाने आपल्या मंडपात वाचावीत. शिष्याचे प्रश्न नातवाने वाचावेत आणि गुरूची उत्तरे आजोबांनी. शेजारच्या हिंदी-उर्दूभाषक मित्रांनाही अगत्याने बोलवावे, कारण हे धन त्यांच्याच उस्तादांकडून आलेले आहे.

नातू प्रारंभी अडखळेल. अडखळू द्यावे. हीरकमहोत्सवी अंकात त्याने स्वहस्ते मराठीत एक लेख लिहावा, एवढीच श्रीगजाननाच्या चरणी आमची प्रार्थना.