हिरकणीचा बुरूज

परवा लेक आणि आठ महिन्यांच्या नातवासोबत रायगडावर जाऊन आले. हिरकणीवाडीतून रोपवेने. गुडघ्यांनी पायऱ्यांना कधीच नकार दिलाय :)

१६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला, तो गड मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी पेटला. आता उरलीत जोती आणि चौथरे. मी मात्र हिरकणी बुरुजापाशीच रेंगाळले.

गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली. दूध विकायला आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेला दरवाजा, घरी तान्हं बाळ. ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिला साडीचोळी दिली आणि तिथे बुरूज बांधला. ही लोककथाच; तिला साल नाही, तिथी तेवढी आहे, कोजागिरीची.

माझी लेक लहान होती तेव्हा पाळणाघर सातला बंद व्हायचं आणि साहेब साडेसहाला फाईल पुढे सरकवायचे. तेव्हा हिरकणी रोज आठवायची. परवा खाली डोकावले आणि पहिल्यांदाच जाणवलं... बुरूज म्हणजे तिचा सन्मान खरा, पण तिची वाटही त्यानेच बुजली. दुसऱ्या दिवशी उशीर झालेल्या आईने काय करायचं? दरवाजा तर तसाच बंद!

असो. गडाच्या रक्षणाला ते हवंच होतं, हेही कळतं.

परतताना एसटी स्थानकावर नातू रडायला लागला. लेक त्याला घेऊन हिरकणी कक्षात गेली. मी बाहेर पिशव्या सांभाळत बसले. म्हटलं, चला, एक दार तरी उघडलं.