शेळीच्या गळ्यातला शब्द

चाकणच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात शेळ्यांच्या रांगेपाशी थोडं वाकून पाहा. काही शेळ्यांच्या गळ्याखाली बोटाएवढे दोन मांसल लोंब दिसतात. आकार आचळासारखा, पण त्यांतून दुधाचा थेंब निघत नाही. संस्कृतात अजा म्हणजे शेळी आणि गल म्हणजे गळा. या लोंबांना ‘अजागलस्तन’ म्हणत, आणि ज्याचा जन्मच व्यर्थ गेला त्याला सुभाषितकारांनी हीच उपमा दिली. मराठीत येता येता त्यातला स्तन गळला आणि ‘अजागळ’ उरला. आधी निरुपयोगी, मग बावळट, मग शर्टाची बटणं वरखाली लावणारा अव्यवस्थित माणूस, असा तो अर्थ सरकत गेला.

मला यातली एक गोष्ट फार खटकते. निरुपयोगी होते ते लोंब. शेळी तर दूध देते.

‘गबाळ्या’चंही असंच झालं. गबाळ म्हणजे बोचकं, किडुकमिडुक सामान. ‘उचल आपलं गबाळं’ म्हणताना तो अर्थ अजून शाबूत असतो. पण बोचकं वाहणाराच पुढे गबाळा ठरला. ‘अस्ताव्यस्त’ तेवढा वस्तूंजवळ थांबला : अस्त म्हणजे फेकलेलं, व्यस्त म्हणजे विखुरलेलं. आणि ‘पसारा’ तर दोन्हीकडे नांदतो. ‘धंद्याचा पसारा वाढवलाय’ हे कौतुक, ‘काय हा पसारा!’ हे रागावणं.

वस्तूवरून माणसावर सरकणारा हा शिक्का कारखान्यांच्या गावांतही दिसतो. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने उभे राहिले, आणि बीड-लातूरकडची पोरं एकेक बॅग घेऊन इथे उतरली. एका खोलीत पाच-सहा जण, शिफ्ट वेगवेगळ्या. एक जण रात्रपाळीहून येऊन झोपलेला, म्हणून दुसरा दिवा न लावता अंधारातच कपडे चाचपतो आणि अंथरूण तसंच टाकून बस गाठतो. त्या खोलीत डोकावणारा ‘काय गबाळी पोरं’ म्हणून मोकळा होतो. तिथे कपाट नाही, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

कारखान्यात मात्र जपानी ‘फाइव्ह एस’ पद्धत आली. सेइरी : नको ते वेगळं काढा. सेइतोन : उरलेल्याला जागा द्या. सेइसो : झाडा-पुसा. सेइकेत्सु : हे रोजचं ठरवून टाका. शित्सुके : वळण, जपानी घरांत मुलांना लावतात तेच. माणसाच्या वळणाची पाळी पाचवी आहे! आधी चार वेळा वस्तूंना आणि जागेला विचारायचं. सेइरीत लाल चिठ्ठी लागते तीही नको असलेल्या वस्तूला. अजागळ या शब्दाचा मूळ रोखही असाच होता : लोंबांवर, शेळीवर नाही.

भोसरीतल्या एका लहानशा वर्कशॉपात लेथशेजारी पांढरा रंग दिलेली प्लायवूडची फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची काळ्या रंगात बाह्याकृती काढलेली : पक्कड, हातोडी, कानस, रिंग पाने. एका संध्याकाळी १६-१७च्या पान्याची जागा रिकामी दिसली. शिफ्ट सुटायला दहा मिनिटं होती. नवा मुलगा आपणच पुढे आला, मशीनखालच्या धातूच्या किसात हात घालून त्याने पाना काढला, कूलंट पुसून आकृतीवर टांगला. त्याला कुणीही, काहीही म्हटलं नाही.