कूल पार्कचा वैमानिक

गॉलवे परगण्यातल्या गॉर्ट गावाजवळचे कूल पार्क आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असेल. येट्स, शॉ अशा साहित्यिकांनी आद्याक्षरे कोरलेला तिथला बीच वृक्ष प्रसिद्ध आहे. लेडी ग्रेगरींचा वाडा मात्र १९४१ साली पाडला गेला. तिथे गेलो की मला त्या घरातला एकुलता एक मुलगा, रॉबर्ट, आठवतो.

रॉबर्ट चित्रकार होता. आपल्या क्रिकेटप्रेमी मंडळींसाठी सांगायचे तर १९१२ मध्ये आयर्लंडकडून खेळताना त्याने स्कॉटलंडचे ८ बळी ८० धावांत घेतले होते! १९१५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, घरी तीन लहान मुले असताना तो ब्रिटिश सैन्यात दाखल झाला आणि पुढे वैमानिक झाला. २३ जानेवारी १९१८ रोजी इटलीत त्याचे विमान कोसळले. दोस्त इटालियन वैमानिकाने चुकून पाडले, असे बरीच वर्षे सांगितले जाई. उंचीवर तो बेशुद्ध झाला असावा, असे आता काही अभ्यासक मानतात. त्याचे दफन पाडुआत झाले.

येट्सने त्याच्यावर जी कविता लिहिली, तिच्यातल्या वैमानिकाला ना शत्रूचा द्वेष, ना ब्रिटनचे प्रेम. किल्टार्टनचे गरीब तेवढे त्याचे आपले, आणि ओढ फक्त उड्डाणाच्या आनंदाची. आनंदाचे खरे असावे. आघाडीवर भेटलेल्या शॉला रॉबर्टनेच सांगितले होते की, हे दिवस आयुष्यातले सर्वांत सुखाचे. पण तो जमीनदाराचा मुलगा होता आणि साम्राज्याच्या गणवेशात स्वेच्छेने गेला होता, हे कवितेत येत नाही.

नोव्हेंबर १९२० मध्ये त्याच किल्टार्टनजवळ एलन क्विन ही तरुण आई सरकारी पोलिसांच्या गोळीने गेली. ज्यांच्यासाठी तू मेलास त्यांनीच हे केले, अशा अर्थाची कविता येट्सने रॉबर्टला उद्देशून लिहिली. लेडी ग्रेगरींना ती रुचली नाही. १९४८ पर्यंत ती छापली गेली नाही.

आपल्यालाही हा पेच नवा नाही. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर त्याच ब्रिटिश हवाई दलात होता. जून १९१८ मध्ये फ्रान्सवर त्याचे विमान पाडले गेले, तीन दिवसांनी तो वारला. परक्या राजासाठी मेला म्हणून त्याला विसरायचे का? मला वाटते, नाही. हुतात्मा न ठरवता, दोषही न देता, माणूस होता तसा आठवावा. कूल पार्कला जाल तेव्हा मुलांना या दोघांविषयी जरूर सांगा.