मोहने येथील धागा आणि जकातीची भिंत

जागतिक व्यापाराचा इतिहास समजून घेण्यासाठी जिनिव्हापर्यंत जाण्याचे कारण नाही. आंबिवली स्थानकाजवळचे मोहने गाव त्यासाठी पुरेसे आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना येथे उभा राहिला. लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा चकचकीत धागा तेथे निघे.

१९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने परदेशी मालाला परवान्याची अट घातली. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली आणि ती अट अधिकच आवळली गेली. या भिंतीच्या आडोशाने कारखाना वाढला, कामगारांची वसाहत वसली.

परंतु भिंतीला दोन बाजू असतात. त्याच ठाणे जिल्ह्यातील भिवंडीच्या यंत्रमागधारकाला स्वस्त धागा हवा असे. धाग्यावरील जकात एकाला कवच वाटे, तर दुसऱ्याला ओझे.

जुलै १९९१ मध्ये दिशा बदलली. सर्वाधिक आयातशुल्क त्या वर्षी दीडशे टक्क्यांवर आणले गेले. १९९५ पर्यंत ते पन्नास टक्क्यांवर आले. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. एप्रिल २००१ मध्ये उरलेली परिमाणात्मक बंधनेही उठली. पुढे चिनी रेयॉन धाग्यावर सरकारला डंपिंगविरोधी शुल्क लावावे लागले. तरीही नोव्हेंबर २००९ मध्ये मोहने येथील कारखान्याला टाळे लागले आणि थकलेल्या देण्यांसाठी कामगारांचा लढा वर्षानुवर्षे चालला. सारा दोष आयातीचा, असे आम्ही म्हणणार नाही. पॉलिएस्टरनेही रेयॉनची बाजारपेठ आकसून टाकली होती.

पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या ‘पॉप्युलोरम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात बजावले होते की, दोन्ही पक्षांचे बळ फारच विषम असेल, तर केवळ खुल्या व्यापाराचा नियम न्याय देऊ शकत नाही. हे राष्ट्रांविषयी होते. एका राष्ट्राच्या पोटातही ते खरे आहे. शुल्ककपातीचा लाभ लाखो ग्राहकांत थोडाथोडा वाटला जातो, तोटा मात्र मोजक्या घरांवर कोसळतो. हे ओळखून सरकारने १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापला. त्यातील पैसा बहुतांशी सरकारी उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला, आणि मोहने येथे टाळे लागले तेव्हा तो निधीही गुंडाळला गेला होता.

भिंत असावी की नसावी, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. ती पाडताना आत राहणाऱ्यांची सोय कोणी लावायची, हा प्रश्न आम्हांला त्याहून मोठा वाटतो. त्याचे उत्तर मोहनेकरांना वेळेवर मिळाले नाही.