शालेय निवासी शिबिर (वर्धा जिल्हा)

प्राथमिक शाळेतील एखाद्या वर्गाने शिक्षकांसमवेत घराबाहेर एक वा अधिक रात्री मुक्काम करून पदभ्रमण, निसर्गनिरीक्षण, श्रमदान व सामूहिक जीवन यांचा अनुभव घेणे, यास निवासी शिबिर म्हणतात. त्याच दिवशी परतणारी सहल, क्षेत्रभेट किंवा वनभोजन यांहून ते वेगळे होय. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम, पवनार आणि बोर व्याघ्र प्रकल्पाचा परिसर ही अशा शिबिरांसाठी सोयीची ठिकाणे आहेत.

पूर्वपीठिका

मुलांना मुक्कामी नेण्याची आधुनिक पद्धत बालवीर चळवळीतून रूढ झाली. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. लहान वयासाठीचा कब विभाग १९१६ साली निघाला. भारतात कब व बुलबुल पथके आजही प्राथमिक शाळांत चालविली जातात.

वर्ध्याची परंपरा मात्र निराळ्या वाटेने आली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा तयार केला. ७ ते १४ या वयासाठी मातृभाषेतून व हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण, हे त्याचे सूत्र होते. सेवाग्राम येथे आर्यनायकम् व आशादेवी यांच्या देखरेखीखाली चाललेल्या शाळेत स्वयंपाक, सफाई, शेती व सूतकताई ही अभ्यासाचीच अंगे होती. म्हणजे शिबिरात जे चार दिवस करावयाचे, ते तेथे वर्षभर चाले. सेवाग्राममधील आनंद निकेतन ही शाळा २००५ पासून याच धर्तीवर पुन्हा सुरू आहे.

स्वरूप

‘साहस’ या शब्दाने दोर, कडे व नौका डोळ्यांसमोर येतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तसे समजण्याचे कारण नाही. आईवाचून काढलेली पहिली रात्र, अंधारात टॉर्च घेऊन मोरीपर्यंत जाणे, स्वतःचे ताट स्वतः घासणे, हेच त्याचे साहस असते; आणि त्यासाठी डोंगराची आवश्यकता नसते.

सेवाग्राम वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवर असून तेथे यात्री निवासाची सोय आहे. बापू कुटी, आदी निवास आणि आश्रमाची सायंप्रार्थना मुलांना जवळून पाहता येते. धाम नदीकाठच्या पवनार येथे विनोबा भावे यांचा आश्रम आहे. नदीतील खडक आकर्षक असले तरी मुलांना पात्रात उतरू देणे धोक्याचे ठरते. जेवणासाठी गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, वरण व वांग्याची भाजी हा विदर्भाचा परिचित बेत आहे. कणीक मळण्यापासून मुले त्यात हातभार लावू शकतात.

सेलू तालुक्यातील बोर अभयारण्यास २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तो देशातील लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक होय. साग, ऐन व तेंदू यांच्या या जंगलात वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्री, सांबर व नीलगाय आढळतात. पर्यटन क्षेत्रात मार्गदर्शकासह वाहनातूनच फिरावे लागते. त्यामुळे पदभ्रमण करावयाचे तर ते प्रकल्पाबाहेरील गावशिवारातच, वनविभागाच्या सल्ल्याने योजावे लागते.

सुरक्षितता व अडचणी

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड येथील समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. त्यानंतर राज्यात शालेय सहलींचे नियम कडक करण्यात आले. पालकांची लेखी संमती, प्रथमोपचाराची पेटी आणि मुलींसोबत शिक्षिका या बाबी प्राथमिक वर्गाच्या मुक्कामी शिबिरात सर्वांत आधी पाहाव्या लागतात. जबाबदारीच्या भीतीने शिबिरच टाळण्याकडे शिक्षकांचा कल होतो, आणि तो समजण्याजोगा आहे.

खर्चाचा प्रश्नही आहेच. शैक्षणिक सहलीस एस. टी. महामंडळ भाड्यात सवलत देते. परंतु निवास व भोजनाचा भार पालकांवरच पडतो. मे महिन्यात येथील तापमान ४५ अंशांपर्यंत जात असल्याने शिबिरास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य असतो. कापसाची वेचणीही साधारण याच दिवसांत चालते. आईवडील पहाटेच शेतावर जात असतील, तर धाकट्या भावंडांना सांभाळणारे मूल शिबिराच्या यादीत येईलच असे नाही. तारखा ठरविण्यापूर्वी पालकसभेत वेचणीचे दिवस विचारून घेणे म्हणूनच इष्ट असते.