जयपूर गायकीचे दीर्घायुष्य

लंडनमध्ये १९६२ साली ‘रोलिंग स्टोन्स’ हा रॉक संगीताचा वृंद उभा राहिला. त्याच्या संस्थापकांपैकी ब्रायन जोन्स १९६९ साली निवर्तले, ड्रमवादक चार्ली वॉट्स २०२१ साली. तरीही २०२३ साली या वृंदाच्या नव्या गीतांचा संग्रह निघाला, तेव्हा रसिकांनी तो ‘स्टोन्स’चाच म्हणून ऐकला. माणसे जातात आणि नाद राहतो, हे आपल्या संगीताला नवे नाही. आपल्याकडे अशा परंपरेला घराणे म्हणतात. आणि जयपूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्याची कथा तर अधिकच विलक्षण आहे, कारण त्याला दीर्घायुष्य लाभले ते जयपूर सोडल्यावर!

जयपूर दरबारात संगीताची उपेक्षा होती, असे मात्र नव्हे. तेथील छत्तीस कारखान्यांत ‘गुणीजनखाना’ हे कलावंतांचे स्वतंत्र खातेच होते. महाराजा रामसिंह यांच्या कारकिर्दीत बहरामखाँ डागरांसारखे धुरंधर गायक आणि रजबअलीखाँसारखे बीनकार तेथे नांदत होते. परंतु हा सारा संसार राजाश्रयावर उभा होता. १९४९ साली जयपूर संस्थान राजस्थानात विलीन झाले आणि त्या वैभवाचा आधार सुटला.

या जयपुरात अल्लादियाखाँ आपले चुलते जहांगीरखाँ यांच्यापाशी शिकले. १८५५ साली उणियारा येथे जन्मलेल्या खाँसाहेबांचे घराणे मूळचे अत्रौलीचे, धृपद गाणारे. ऐन उमेदीत, आमलेटा येथे, अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला. गवयाच्या दृष्टीने हे मरणच म्हणायचे. पण आवाज पूर्वीसारखा परतला नाही, तेव्हा त्यांनी गाण्याचीच मांडणी बदलली. मोकळा आकार, दीर्घ दमसास, लयीच्या अंगाने गुंफलेली पेचदार तान आणि अनवट, जोडरागांचा संग्रह ही त्या गायकीची लक्षणे ठरली. गळ्याच्या उपजत गोडव्यापेक्षा बुद्धीवर अधिक भर देणारी ही गायकी म्हणूनच दुसऱ्या गळ्यात उतरू शकली. बसंती केदार किंवा संपूर्ण मालकंस हे राग आजही या घराण्याची खूण म्हणून ओळखले जातात.

पुढे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी खाँसाहेबांना आश्रय दिला. १९२२ साली महाराज निवर्तल्यावर खाँसाहेब मुंबईस आले. त्या काळी चिजा आणि अनवट राग घराबाहेर जाऊ न देण्याकडे उस्तादांचा कल असे. खाँसाहेबांनीही विद्या स्वस्त केली नाही. परंतु मंजीखाँ व भुर्जीखाँ या पुत्रांबरोबरच भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांना ती दिली. केसरबाई व मोगूबाई दोघी गोमंतकाच्या. मोगूबाईंचे कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले; गाव बुडाले, पण आडनावात राहिले. मंजीखाँ १९३७ साली अकाली गेले, तेव्हा त्यांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर भुर्जीखाँकडे शिकू लागले आणि गायकी धारवाडात रुजली. खुद्द खाँसाहेब १९४६ साली मुंबईत निवर्तले.

दोन्ही शिष्यांचा वारसा मात्र दोन वाटांनी गेला. केसरबाईंनी विद्या अत्यंत कसोशीने राखली. त्यांच्याकडे तयार झालेल्या शिष्या म्हणून धोंडूताई कुलकर्णी यांचेच नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांतून पृथ्वीचे जे संगीत अंतराळात धाडण्यात आले, त्यात केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. मोगूबाईंनी आपल्या कन्येला, किशोरी आमोणकरांना, घडवले. किशोरीताईंनी लयीच्या कडक बांधणीपेक्षा आलापातील भावाला अग्रस्थान दिले. जुन्या जाणकारांना ते घराण्याचे उल्लंघन वाटले, आणि त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. तथापि त्याच वाटेने या गायकीला नवा श्रोता मिळाला. किशोरीताई २०१७ साली गेल्या. त्यांच्या शिष्या माणिक भिडे यांनी ती विद्या आपली कन्या अश्विनी भिडे-देशपांडे यांच्याकडे सोपवली. त्यांच्या गाण्यातही संपूर्ण मालकंस आहे.