उधारी वहीत उतरवा, मनावरचं ओझं कमी करा

आपल्या नांदेड-लातूरकडे सोयाबीनचे पैसे हाती येईपर्यंत किराणा, शाळेची फी, दवाखाना बऱ्याच घरांत उधारीवर चालतो. हिशेब डोक्यातच ठेवला की झोप उडते, नात्यांत कटुता येते. कुरआनातील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, २८२) उधार व्यवहार साक्षीदारांसह लिहून ठेवण्याबद्दलच आहे. त्याच सूरहची आयत २८० अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्यायला सांगते. म्हणून आपण घरात एक वही ठेवू: कोणाचे किती, कधी द्यायचे, साक्षीदार कोण. घरच्यांपासून कर्ज लपवायचं नाही. मुदत टळणार असेल तर आधीच जाऊन सांगू. विनापरवाना सावकार त्रास देत असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करता येते.